जुन्या होंडा सिटीचे इंजेक्टर सील घरीच बदलायचे असतील तर

पंचवीस वर्षांची गाडी सांभाळणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असेल. सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय गाडी उठत नाही, सिग्नलला उभी असताना रेस आपोआप वर-खाली होते, बॉनेटपाशी पेट्रोलचा वास येतो. गॅरेजमध्ये नेली की उत्तर तयार असतं, "इंजेक्टर गेलेत साहेब, चारही टाकावे लागतील." इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणारा छोटा नळ. तो जातच नाही असं नाही. पण पुष्कळदा इंजेक्टर ठणठणीत असतो, त्याच्या अंगावरचं रबर तेवढं वयानं संपलेलं असतं. ते बदलायला एक निवांत सकाळ पुरते. अवघड भाग पान्याचा नाही, योग्य रबर मिळवण्याचा आहे. म्हणून या लेखात निम्मा जीव मी त्यावरच खर्च केला आहे.

माझ्याकडे पहिल्या पिढीची सिटी आहे. भारतात ती १९९८ ते २००३ या काळात विकली गेली, १.३ आणि १.५ इंजिनांत, १०६ हॉर्सपॉवरची व्हीटेक २००० साली आली. पुढच्या पायऱ्या त्या गाडीच्या आहेत. एस्टीम, आयकॉन वगैरे त्या काळातल्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल गाड्यांनाही थोड्याफार फरकानं त्या चालतील. मात्र कॉमन रेल डिझेलला यातलं काहीही लावू नका. आपल्या रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, अडीच-तीन बार प्रेशर असतं, तिथं हजार बारच्या पुढे.

१. आधी खात्री करा

एका इंजेक्टरवर साधारण तीन रबरं असतात. वर रेलमध्ये घुसणारी बारीक ओ-रिंग, तिच्याखाली जाडसर गादीसारखी रिंग, आणि तळाला मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) भोकात बसणारं सील. वरची ओ-रिंग गेली की पेट्रोल बाहेर येतं. खालचं सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते. दोन्ही दोषांची लक्षणं वेगळी आणि धोकाही वेगळा.

वरची तपासायला सकाळी थंड इंजिनावर चावी 'ऑन' करा, स्टार्ट करू नका. पंप दोनेक सेकंद गुणगुणून थांबतो. असं तीनदा करा आणि टॉर्च घेऊन रेलच्या खाली बघा. ओल दिसली, किंवा इंजेक्टरच्या मानेवर तपकिरी, चिकट डाग दिसला, की समजा. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नका. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

खालच्या सीलसाठी इंजिन चालू ठेवून स्प्रेच्या बाटलीतून इंजेक्टरच्या बुडाशी थोडं साधं पाणी मारा. क्षणभर रेस बदलली तर तिथून हवा ओढली जातेय. पुष्कळ मेकॅनिक यासाठी कार्ब क्लीनर मारतात. तो पेट घेतो आणि इंजिन गरम असतं, त्यामुळे घरी मी पाण्यावरच भागवतो. पाणी कपलरवर, म्हणजे इंजेक्टरच्या वायरीच्या जोडावर, उडणार नाही एवढं बघा.

एक सावधगिरी. या होंडांमध्ये रेस वर-खाली होण्याचं कारण दरवेळी सील नसतं. कूलंट कमी असेल, त्यात हवा अडकली असेल किंवा उभ्या गाडीत इंजिनाला हवा पुरवणारा आयडल एअर व्हॉल्व्ह काजळला असेल तरी हुबेहूब तसंच होतं. रेडिएटरचं झाकण थंड असताना उघडून पातळी बघायला काही खर्च येत नाही, ते आधी करा. तसंच रेलमधला दाब सांभाळणाऱ्या फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची छोटी व्हॅक्युम नळी काढून हुंगा. तिच्यात पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे. सील बदलून फरक पडणार नाही.

आणि ठाणे-नवी मुंबईच्या पार्किंगमध्ये उंदीर हा स्वतंत्र विषय आहे. इंजेक्टरच्या वायरी, व्हॅक्युम नळ्या ते आवडीनं कुरतडतात. एकच सिलिंडर मिस करत असेल तर सीलच्या मागे लागण्याआधी वायरवर दातांच्या खुणा आहेत का ते बघून घ्या.

२. रबर कुठलं घ्यायचं

ही गाडी बाजारात आली तेव्हा आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. काही राज्यांत पाच टक्के मिश्रण २००३ साली सुरू झालं, २०२३ च्या फेब्रुवारीत ई-२० ची विक्री सुरू झाली, आणि आता पंपावर गेलं की वीस टक्केवालंच पेट्रोल टाकीत पडतं. त्या काळची साधी नायट्राइल रबरं या मिश्रणासाठी बनलेलीच नव्हती. आधी फुगतात, मग टाकी रिकामी राहिली किंवा गाडी महिनाभर उभी राहिली की आक्रसून कडक होतात. वयाचा मार तर आहेच.

म्हणून मागायचं ते एफकेएम रबर. दुकानात 'व्हायटॉन' म्हणा, सगळ्यांना कळतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ते चांगलं टिकतं, उष्णताही सोसतं. आता यातले सापळे.

रंगावर जाऊ नका. हिरव्या ओ-रिंगा दाखवून 'हे व्हायटॉन' असं सांगितलं जातं. हिरव्या रिंगा बहुतेक वेळा एसीच्या असतात. व्हायटॉन तपकिरीही मिळतं, काळंही. रंग कारखानदाराच्या मर्जीचा.

वजन बघा. एकाच मापाच्या साध्या काळ्या रिंगा आणि व्हायटॉनच्या रिंगा दोन हातांत धरल्या तर व्हायटॉन जड लागतं, कारण त्याची घनता साध्या नायट्राइलच्या दीडपट असते. एका रिंगेत हे कळणार नाही; दहा-वीस रिंगांच्या दोन पुड्या तोलल्या की लगेच कळतं.

शंका असेल तर एक रिंग जास्त घ्या. व्हर्नियरनं तिची जाडी मोजा, झाकणाच्या काचेच्या बाटलीत पेट्रोल घेऊन त्यात रात्रभर बुडवा आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा. फुगून सैल झाली, बोटांत लिबलिबीत लागली तर ती पुडी परत करा. सिलिकॉनच्या रिंगा या परीक्षेत हमखास नापास होतात.

माप अंदाजानं घेऊ नका. बॉश धाटणीच्या पुष्कळ जुन्या इंजेक्टरना आतला व्यास ७.५२ आणि जाडी ३.५३ मिलिमीटर अशी ओ-रिंग चालते, आणि बाजारातली बरीच 'युनिव्हर्सल' किट त्याच मापाची असतात. होंडाच्या इंजेक्टरना ते माप लागू आहे असं धरून चालू नका. जुनी रिंग दाबून दाबून चपटी झालेली असते, तिचं माप फसवं. खोबणीचं आणि रेलच्या भोकाचं माप घ्या, किंवा सरळ पार्ट नंबरनं मागवा.

चारही इंजेक्टरची सगळी रबरं एकदम बदला. जे गळतंय तेवढंच बदललं तर उरलेली तीन त्याच वयाची आहेत, रेल पुन्हा उघडावी लागणार. रेग्युलेटर रेलला जिथं बसतो तिथलीही एक ओ-रिंग असते, ती लोक विसरतात. पेट्रोल लाइनच्या बँजो बोल्टचे (ज्याच्या आतून पेट्रोल जातं तो पोकळ बोल्ट) ॲल्युमिनियम वॉशरही नवेच लागतात. एकदा दाबले गेलेले परत नीट बसत नाहीत.

पाइप बदलणार असाल तर त्यावर 'एसएई जे३० आर९' छापलेलं हवं. आर९ हा इंजेक्शनच्या प्रेशरचा पाइप. आर७ कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांचा, दिसायला तसाच, किमतीला कमी; दुकानदारानं आधी तोच काढला तर नवल नाही.

३. खरेदीला जाताना

होंडाच्या पार्ट काउंटरवर आरसीची प्रत न्या. गाडी ठाण्याची एमएच ०४ असो की नवी मुंबईची एमएच ४३, काउंटरवाल्याला हवा असतो तो चॅसी नंबर. त्यावरून पार्ट नंबर निघतो. 'सिटीचं इंजेक्टर किट द्या' एवढंच म्हटलंत तर नंतरच्या पिढीचं हातात पडायची शक्यता मोठी. काही नंबर बंद झालेले असतात. तेव्हा जुन्या पार्टसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा ऑपेरा हाऊस, आणि नुसत्या ओ-रिंगांसाठी नागदेवी. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात हायड्रॉलिक सील विकणारी दुकानं असतात, तिथंही व्हायटॉन मापानुसार मिळतं. त्यांचा व्यवहार कारखान्यांशी असतो, त्यामुळे नायट्राइल आणि व्हायटॉनमधला फरक तिथं समजावून सांगावा लागत नाही. जाताना एक जुना इंजेक्टर पिशवीत असेल तर उत्तम, पण मग गाडी घरी उघडी पडून राहणार. मी खोबणीची मापं चिठ्ठीवर लिहून नेतो.

बिल मागून घ्या आणि मटेरियलचं नाव बिलावर लिहायला सांगा. तिथं दुकानदार अडखळला तर काय ते समजा.

४. जागा

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. म्हणून बेसमेंट पार्किंग आणि स्टॅक पार्किंगचा खड्डा या दोन्ही जागा बाद. स्टिल्टखाली करायचं तर कडेची, तीन बाजूंनी मोकळी जागा बघा. इनव्हर्टर, मीटर बॉक्स, ईव्ही चार्जर जवळ नको. सोसायटीत आधी सेक्रेटरींना सांगून ठेवा. पेट्रोलचा वास आला की चौथ्या मजल्यावरून फोन येणारच, आणि रेल अर्धी उघडी असताना वॉचमनशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात उघड्यावर हे काम काढू नका, मॅनिफोल्डच्या भोकात पाणी नको.

दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. त्याचा काटा हिरव्यात आहे ना तेही बघा.

५. काय काय लागेल

१० आणि १२ चे पाने व बॉक्स, कमी टॉर्कचा टॉर्क पाना, पातळ स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, व्हर्नियर, एलईडी टॉर्च, नायट्राइल हातमोजे, डोळ्यांना चष्मा, मऊ ब्रश, चिंध्या, झाकणाची बरणी, मास्किंग टेप आणि पेन. ओ-रिंग काढायला बांबूची काडी किंवा टूथपिक घ्या, लोखंडी टोच्या नको. आणि थोडं स्वच्छ इंजिन ऑइल.

६. प्रेशर उतरवा

इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. पेट्रोल टाकीचं झाकण उघडून परत लावा, आतला दाब निघून जातो. मग पंपाची रिले किंवा फ्यूज काढा आणि इंजिन सुरू करा. लाइनमधलं उरलंसुरलं पेट्रोल संपलं की ते आपोआप बंद पडतं. एक-दोनदा परत सेल्फ मारा. आता चावी काढून खिशात टाका आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. बॅकअप गेल्यानं ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, शिकलेलं पुसलं जातं, ते इथं चांगलंच. रेडिओला कोड असेल तर तेवढा आधी शोधून ठेवा.

एवढं करूनही थोडं पेट्रोल उरतंच. बोल्ट सैल करताना त्यावर चिंधी गुंडाळा, सावकाश पाव वळसा फिरवा, फुस्स आवाज थांबू द्या, मग पुढे.

७. रेल उचलणं

या इंजिनात एक्झॉस्ट पुढे आणि इनटेक मागे, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे) आहे. म्हणजे इंजेक्टर इंजिन आणि भिंतीच्या मधल्या बोळात. आधी सगळ्याचे फोटो काढा. प्रत्येक कपलरवर टेप लावून डावीकडून एक ते चार नंबर घाला.

कपलरला तारेची बारीक क्लिप असते. ती काढताना खाली चिंधी पसरा, नाहीतर क्लिप उडून क्रॉसमेंबरमध्ये जाते आणि मग दुपार तिच्या शोधात जाते. कपलरचं प्लॅस्टिक इतक्या वर्षांत बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. वायर धरून ओढू नका, अंगाला धरून हलवत काढा.

रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी, परतीचा पाइप आणि येणारी लाइन सोडवा. रेलचे नट काढण्याआधी आजूबाजूची सगळी माती ब्रशनं झाडा, हवा मारता आली तर मारा. रेल दोन्ही टोकांना धरून थोडी थोडी, सरळ वर उचला. काही इंजेक्टर रेलबरोबर येतील, एखादा मॅनिफोल्डमध्येच राहील. त्याला हलकं पिळत बाहेर काढा. रेलखाली प्लॅस्टिकचे स्पेसर असतात, ते लगेच डबीत टाका.

मॅनिफोल्डची भोकं ताबडतोब स्वच्छ फडक्यानं बंद करा, फडक्याचं शेपूट बाहेर राहू द्या. आत पडलेला खडा थेट व्हॉल्व्हवर जातो.

८. जुनं रबर

जुनं सील हातात घेऊन बघाच. मूळची गोल रिंग एका बाजूनं चपटी, धारदार कडेची झालेली असते. नखानं दाबली तर वण उमटत नाही. ताणली तर बारीक बारीक भेगा उघडतात, आणि जास्त ताणली तर खडूसारखी तुटते. असं दिसलं की निदान बरोबर होतं.

काढलेले तुकडे जुळवून मोजा. तळाचं सील किंवा त्याचा अर्धा भाग भोकातच चिकटून राहतो आणि काळ्यावर काळं दिसत नाही. त्याच्यावर नवं सील बसवलं तर इंजेक्टर तिरपा बसतो, ओ-रिंग चिमटते आणि पहिल्या चावीलाच फवारा उडतो. टॉर्च लावून चारही भोकं आतून बोट फिरवून तपासा.

इंजेक्टर बाहेर आलेच आहेत तर ते अल्ट्रासॉनिक मशीनवर साफ करून चारही सारखं पेट्रोल सोडतात का हे मोजून घेणं शहाणपणाचं. ही सोय असलेली गॅरेज शोधायला फार फिरावं लागत नाही. फक्त नवी रबरं साफसफाईनंतर चढवा. घरी मल्टिमीटरवर चारही इंजेक्टरचा रोध मोजा. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, एखादा फटकून वेगळा आला तर तो इंजेक्टरच संशयित.

खोबणी कापडानं पुसा. पॉलिश पेपर, ब्लेड, स्क्रू ड्रायव्हरचं टोक यातलं काहीही नको. तिथला एक ओरखडा नव्या रिंगेलाही गळवतो.

९. नवं बसवणं

रिंगेला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा, पीळ न पडता खोबणीत सरकवा. ग्रीस नको, खोबरेल तेल नको. गॅस्केट लावायचं सिलिकॉन, एम-सील, फेव्हिक्विक हे प्रकार तर अजिबात नको. गळतीवर 'थोडं लावून देतो' म्हणणारा मेकॅनिक भेटला तर गाडी घेऊन निघा.

क्रम महत्त्वाचा. आधी इंजेक्टर रेलमध्ये बसवा, तळाची सीलं मॅनिफोल्डमध्ये बसवा, आणि मग रेल आणि चारही इंजेक्टर एकदम खाली उतरवा. उलट केलं तर वरची रिंग कापली जाते. इंजेक्टरवरची खूण रेलच्या खुणेशी जुळवा, म्हणजे कपलरचं तोंड बरोबर दिशेला येतं.

हातानं दाबून रेल बसली पाहिजे. नट आवळून खाली ओढू नका. बसली की प्रत्येक इंजेक्टर दोन बोटांनी थोडा फिरवून बघा. किंचित अडत पण फिरतो, म्हणजे ठीक. जाम असेल तर रिंग चिमटली आहे. उचला आणि परत बसवा. नटांना १२ न्यूटन-मीटर पुरे, तेही दोन्हीकडे आलटून पालटून.

१०. पहिली चावी

बॅटरी, रिले, कपलर, नळ्या लावा. फडकी काढली का, हे मोजून बघा. चावी 'ऑन', दोन सेकंद, 'ऑफ'. असं तीन-चारदा. इंजिन अजून सुरू करायचं नाही. कोरडा टिश्यू प्रत्येक इंजेक्टरच्या मानेवर, रेग्युलेटरपाशी आणि बँजो बोल्टभोवती फिरवा. टिश्यूवर ओलीचा ठिपका आला तरी पुन्हा उघडायचं, 'सेट होईल' म्हणून सोडायचं नाही.

सगळं कोरडं असेल तर सांडलेलं पेट्रोल उडून जाऊ द्या, बॉनेट उघडं ठेवून इंजिन सुरू करा आणि फॅन लागेपर्यंत चालू द्या. पहिली काही मिनिटं रेस डळमळेल. ओल्या चिंध्या कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका, उघड्यावर वाळवा. बरणीतलं पेट्रोल गटारात ओतू नका.

सीएनजी किट असेल तर

ठाण्यात अशा बऱ्याच गाड्या आहेत. महिनोन्‌महिने गॅसवरच चालवली की पेट्रोलचे इंजेक्टर नुसते पडून राहतात, आत पेट्रोलचा चिकटा धरतो आणि रबरंही कोरडी पडतात. किटची वायरिंग इंजेक्टरच्या कपलरवर मध्येच जोडलेली असते, तेव्हा फोटो दुप्पट काढा. काम सुरू करण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह हातानं बंद करा. गॅसच्या नळीला स्वतः हात लावायचा नाही, ते किटवाल्याचं काम. पुढे रोज थोडं अंतर तरी पेट्रोलवर चालवत जा.

नंतर

पहिली फेरी जवळची ठेवा. गायमुखचा घाट किंवा ठाणे-बेलापूर रोडची गर्दी त्या दिवशी नको. परत आल्यावर गरम इंजिनावर हुंगून बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना, टिश्यूची परीक्षा पुन्हा घ्या. आठवड्यानं नटांचा टॉर्क एकदा तपासा. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. ती तारीख जवळ असेल तर हे काम तपासणीच्या आधी उरका. पीयूसीची मुदत बाकी असली तरी नवी काढा आणि एचसीचा (न जळलेल्या पेट्रोलचा) आकडा जुन्या कागदाशी ताडून बघा. तो खाली आला नसेल तर इंजेक्टर स्वतःच टिपकतोय का, हे बघायची वेळ आली.